सेतुमाधवांचा शनिवारचा वाटा

सेतुमाधव राव इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. मोटारीचे सुटे भाग त्यांच्या टेबलावरून जात, आणि केसाएवढा फरक दिसला तरी ते भाग बाजूला काढत. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत त्यांची पत्नी सीतालक्ष्मी गेली. नंगनल्लूरच्या घरात ते एकटे उरले. तीन तीन दिवस कुणाशी बोलणं होत नसे.

मुलगी रंजनी शोळिंगनल्लूरला नोकरीला होती. तिनंच त्यांचं नाव एका शेताच्या गटात घातलं. सिंगपेरुमाळ कोइलजवळ पच्चैयम्माळ नावाची बाई तीन एकर कसायची. साठ घरांनी हंगामाचे पैसे आधी द्यायचे आणि जे पिकेल त्याचा वाटा दर शनिवारी न्यायचा. पीक बुडालं तर तेही सगळ्यांनी मिळून सोसायचं.

"मला एकल्याला कशाला ग एवढी भाजी? नक्को," सेतुमाधव म्हणाले.

"निदान पिशवी आणायला तरी बाहेर पडाल, अप्पा. मी नाव घालून मोकळी झाले."

सप्टेंबरातल्या एका शनिवारी पिशवीत नऊ वांगी आली. सेतुमाधवांनी ती वर्तमानपत्रावर ओळीनं मांडली, चिरली, फोटो काढला आणि फोनवरच्या गटावर लिहिलं : 'नऊपैकी सात किडकी, नापास. आपण हे का स्वीकारतो?' बारा जणांनी लगेच दुजोरा दिला. कितीतरी महिन्यांनी त्यांना आपण कामाचे आहोत असं वाटलं. पंधरवड्यात अकरा घरांनी वाटा सोडून उरलेले पैसे परत घेतले.

हंगामात एकदा तरी शेतावर जायचं असा गटाचा नियम होता. ऑक्टोबरात सेतुमाधव रेल्वेनं गेले. पच्चैयम्माळ पन्नाशीची, साडीवर पुरुषी सदरा घातलेली. तिनं त्यांना वांग्याच्या वाफ्यात नेलं आणि एक कोमेजलेला शेंडा खुडून उकलला. आत अळी वळवळत होती.

"आम्ही औषध मारत नाही, सार. हीच अळी पुढं वांग्यात शिरते. मुनियम्मा आणि कनगा रोज सकाळी असे शेंडे खुडायच्या."

"मग आता?"

"अकरा घरं गेली. दोघींनाही कामावरून कमी करावं लागलं." तिनं पुढचं रोप धरलं. "तो फोटो तुमचाच ना?"

"होय."

"त्यात खोटं काही नव्हतं," ती म्हणाली आणि खुडत राहिली.

आपण बाजूला काढलेले भाग कुणाच्या हातचे होते, त्या माणसांचं पुढं काय झालं, हे सेतुमाधवांनी एकतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ते वाकले आणि दुपारपर्यंत शेंडे खुडत राहिले.

पुढच्या आठवड्यात ते त्या अकराही घरी स्वतः गेले. "शेत न बघता लिहिलं मी. चूक झाली," एवढंच सांगायचे. कुणी कॉफी दिली, कुणी जाळीच्या दाराआडूनच बोललं. विजयलक्ष्मी नावाच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "पण वांगी किडकी होतीच की हो!" तीन घरं परत आली.

डिसेंबरात वादळ झालं. शेत पाच दिवस पाण्याखाली होतं. पिशव्या बंद झाल्या, गटावर तक्रारी सुरू झाल्या. सेतुमाधव घोटाभर चिखलातून शेत बघून आले आणि मग त्यांनी लिहिलं : 'रोपं मुळापासून कुजली आहेत. मी डोळ्यांनी पाहिलं. माझा वाटा मी सोडत नाही.' सव्वीस घरं टिकली.

पाणी ओसरल्यावर ते आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. काळी पडलेली झाडं उपटायची, वाफे पुन्हा बांधायचे. जानेवारीत कनगा अर्ध्या दिवसासाठी परत आली. मुनियम्मा आली नाही.

एका संध्याकाळी कनगाकडून पत्ता घेऊन ते मुनियम्माच्या घरी गेले. ती नुकतीच ओरगडमच्या गोदामातून झाडलोट करून आली होती. तिनं त्यांना पाणी दिलं. सेतुमाधवांनी फोटोपासून सगळं सांगितलं.

ती सुजलेले पाय चोळत ऐकत होती. "मला तर हे ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली. "काम कमी झालं, एवढंच पच्चैयम्माळ अक्कानं सांगितलं."

"परत याल?"

"नाही, सार. गोदामात दिवसभर उभं राहावं लागतं, पण वादळ आलं तरी पगार चुकत नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना गाडीत बसल्यावर वाटत राहिलं.

पुढच्या हंगामाला रंजनीनं विचारण्याआधीच त्यांनी नाव नोंदवलं. सोमवारी आणि गुरुवारी ते पहिल्या गाडीनं निघतात. वांग्याच्या चार ओळी त्यांच्याकडे आहेत. हात अजून बसलेला नाही. कनगा आठ ओळी आटपते तेव्हा त्यांची तिसरी चालू असते.