जोडीची कणीक

सोमामामाचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. मामा अंजूरचा, भिवंडीत लूमवर कामाला. कशेळीला ट्रकवाल्यांचा छोटा गुरुद्वारा होता. तिथल्या म्हाताऱ्या ग्यानीजींनी त्याला कीर्तनाच्या साथीची जोडी शिकवली. जोडी म्हणजे तबल्याहून भारदस्त आवाजाचे दोन ढोल. डाव्या ढोलावर दर वेळी ताजी कणीक मळून थापायची, तेव्हा तो घुमतो. रविवारची शिफ्ट बुडवून मामाने बारा वर्षं ती थापली.

ग्यानीजी वारले आणि एक्याण्णव साली नवे रागी, म्हणजे कीर्तन गाणारे, आले. सगळ्यांदेखत मामाला म्हणाले, "ये गंदगी हटाओ. रेडिमेड तबला मंगवाओ."

गंदगी! ज्या कणकेची रोटी खाता, तीच ना ही?

मामाने ढोलावरची ओली कणीक खरवडली, लंगरच्या स्वयंपाकघरात नेली, लाटली, भाजली आणि पंगतीत रागींपुढे जाऊन उभा राहिला. लंगरची रोटी दोन्ही हातांनी घ्यायची असते आणि घेतली की टाकायची नसते. रागींनी ओंजळ पुढे केली.

"खाओ जी," मामा म्हणाला. "बारा साल यही बजी है."

शेवटचा घास गिळेपर्यंत तो तिथून हलला नाही.