लेक चालतेय

सिग्नलला माझ्या रिक्षाशेजारी एक स्कूटरवाला येऊन थांबला. हेल्मेटमध्ये फोन खोचलेला, आणि नजर रस्त्यावर असूनही कुठेतरी लांब गेलेली. वाहतूक पोलीस बाईंनी त्याला अडवलं.

"मॅडम, बायकोचा फोन आहे. लेक आज पहिल्यांदा चालतेय."

बाईंनी दंड केलाच. मग म्हणाल्या, "आता गाडी कडेला लावा आणि नीट ऐका. तिला चालताना बघायला घरी पोचायचंय ना?"

देह एकीकडे, मन भलतीकडे. आपण सगळेच असे किती रस्ते न बघता ओलांडत असू, असं मनात तरंगत राहिलं.

रिक्षा निघाली तेव्हा तो झाडाखाली फुटपाथवर बसला होता. फोन कानाशी धरून, डोळे मिटून लेकीचे पैंजण ऐकत होता.