शकूचं बाळंतपण आणि माझं

भावजयीशी वाकड्यात वागणाऱ्या नणंदा जगात पुष्कळ होऊन गेल्या, पण भावजयीचं बाळंतपण सोडून शेळीच्या बाळंतपणाला थांबलेली नणंद माझ्याआधी कुणाच्या वाट्याला आली असेल असं मला वाटत नाही. नवरा म्हणतो, तू हे भेटेल त्याला सांगत सुटतेस. सांगणारच. ज्याच्या बहिणीने हे केलं त्याने गप्प बसावं, जिच्या बाबतीत केलं तिने का म्हणून बसावं?

ही माझी थोरली नणंद. मूळची नागपूरची, कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेत आलेली. उमेदीची वर्षं तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडच्या पावसात काढली, मग भावाच्या जवळ राहावं म्हणून इकडे आमच्या गावी, अल्फारेटात आली, आणि भावाच्या जवळ चार दिवस राहून होतात न होतात तोच चांगलं घर विकून तासाभराच्या ड्राइव्हवर, उत्तरेला डोंगरांच्या पायथ्याशी जमीन घेऊन बसली. यजमान कामाच्या निमित्ताने सदा विमानात, मुलगा शिकून दुसऱ्या राज्यात. मग राहिल्या नणंदबाई आणि त्यांच्या शेळ्या. नोकरी अजून आहे, पण ती घरून, म्हणजे गोठ्यातून. एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये मागून पिल्लांचा आवाज आला तेव्हा साहेबाने मोठ्या कौतुकाने विचारलं, "इज दॅट अ बेबी?" नणंदबाईंनी सांगितलं, "येस, ट्विन्स." टीमने हौसेने मऊ मऊ दुपटी पाठवली. दुसरी एखादी लाजली असती, खुलासा केला असता. यांनी ती धुऊन घेतली आणि पुढच्या वेताची पिल्लं पुसायला वापरली.

त्यांच्यापुढे शेळी "व्याली" म्हणायची सोय नाही. "बाळंत झाली म्हण," असं तिथल्या तिथे सुधारून घेतात. बाळंतिणीला गोठ्याच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून वेगळी खोली. खाली नवा कोरडा पेंढा, आणि तो आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचा. पिल्लू बाहेर आलं की नाक-तोंड पुसून ते आईच्या तोंडापुढे ठेवायचं, तिला मनसोक्त चाटू द्यायचं, नाळेला आयोडीन लावायचं, सडातून पहिली धार काढून वाट मोकळी झाल्याची खात्री करायची, आणि पिल्लाच्या पोटात चीक जाईपर्यंत आपण पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. मग वार पडेपर्यंत तिथेच ठाण मांडून बसायचं. ती ओढून काढण्याचं नुसतं नाव काढलं तरी नणंदबाई अशा बघतात की बोलणाऱ्याने पुन्हा गोठ्यात पाय ठेवू नये. आणि सगळ्यात आधी बाळंतिणीला बादलीभर कोमट गूळपाणी. गूळही असातसा नाही, इंडियन स्टोअरमधला सगळ्यात महागाचा. त्यांच्या घरी आम्हाला चहात साखर मिळते.

वसंतात रविवारी अल्फारेटातली मराठी मंडळी पोराबाळांना घेऊन पिल्लं बघायला जातात. नणंदबाई त्यांना फळीपाशी अडवतात. नियम असा की आधी बाळंतिणीकडे बघायचं, ती कशी आहे विचारायचं, तिला हिरवं काहीतरी द्यायचं, आणि मग पिल्लू बघायचं, तेही लांबून. "सगळे मेले पिल्लू बघायला येऊन राहिले. जिने काढलं तिला कोण विचारतं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या अंगावर काटा येतो. एका काकूंनी भरपूर सेंट मारलेल्या ओढणीत पिल्लू गुंडाळून सेल्फी काढला, आणि मग आई त्या पिल्लाला वासाने ओळखेना. नणंदबाईंनी ते पिल्लू शेळीच्याच दुधाने माखून तिच्या नाकापुढे धरलं, आणि काकूंना त्या ओळखेनाशा झाल्या आहेत, त्या आजपर्यंत.

मला दिवस होते तेव्हा मला डोहाळे लागले खरवसाचे. नणंदेकडे शेळ्या, शेळ्यांना चीक. मी मागून मागून मागितलं तरी काय? त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या बाळाचं पहिलं दूध मागून राहिलीस? तुझ्या बाळाचं कुणी मागितलं तर?" सातव्या महिन्यातल्या बाईला कुणी असं बोलतं का? आमच्यात शत्रूदेखील डोहाळे पुरवतो.

तरी मी गिळलं, कारण गरज माझी होती. माझ्या आईच्या व्हिसाची तारीख काही केल्या मिळेना, सासूबाई थकलेल्या. माझ्या बाळंतपणाला अख्ख्या अमेरिकेत हक्काचं माणूस म्हणजे ही एक नणंद. त्यांनीच आपण होऊन सांगितलं होतं, "मी येते, तू अजिबात टेन्शन घेऊ नको." आणि मला कळा सुरू झाल्यावर नवऱ्याने फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "शकू लेबरमध्ये आहे रे. दुसरं पिल्लू आडवं आलंय, माझा हात आत आहे. स्पीकरवर बोल."

शकू म्हणजे शेळी. तिच्याजवळ नणंदबाई आणि माझ्याजवळ नवरा, जो सुई बघितली की खाली बसतो.

मुलगी झाली, छान झाली. आम्ही घरी आलो आणि मंडळींची रीघ लागली. जो तो हात धुऊन पाळण्यावर वाकायचा. नाक कुणाचं, रंग कुणाचा, झोपते का, हसते का. मी टाके सांभाळत स्वयंपाकघरात उभी राहून आल्यागेल्याचा चहा करत होते, कारण नवऱ्याचा चहा कुणी पीत नाही. अशात दार उघडून नणंदबाई आत आल्या. पायात रबरी बूट, अंगाला गोठ्याचा वास. पाळण्याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. सरळ माझ्याजवळ आल्या, कपाळाला हात लावला, पायांवरची सूज दाबून बघितली आणि गॅस बंद केला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

मला आठवेना.

त्या बाहेर गेल्या आणि सोफ्यावरच्या मंडळींना म्हणाल्या, "बाळंतीण उभी आहे आणि तुम्ही बसलाय. हे काय चालू आहे?" कपातला चहा संपवायलाही न देता त्यांनी सगळ्यांना वाटेला लावलं. त्यात माझी बॉस होती. वर मराठी ग्रुपवर मेसेज टाकला की महिनाभर कुणी येऊ नये, आल्यास डबा दारात ठेवून जावं. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी माझ्या हातात कोमट गूळपाण्याचा पेला दिला आणि सांगितलं, "शकूलापण हेच दिलं."

म्हणजे मी आणि शेळी एका रांगेत. मी रागाने प्यायले आणि पिता पिता रडायला लागले, ते थांबेचना. कुणाला बोलले नव्हते ते त्यांना बोलून गेले, की ताई, मला बाळाकडे बघावंसंच वाटत नाही, माझ्यात काहीतरी चुकलंय. मला वाटलं आता लेक्चर मिळणार. नणंदबाईंनी माझ्या हातातला पेला काढून घेतला, पुन्हा भरला. "शकू दुसऱ्या पिल्लाला जवळ येऊ देत नव्हती. लाथा मारत होती. वाईट आई नाही गं ती. दमलीय. आधी पोट भरू दे, झोप होऊ दे. पिल्लू कुठे पळून जाऊन राहिलंय?"

मग त्या राहिल्या. शकूकडे शेजारची शेतकरीण बघत होती आणि गोठ्यातला कॅमेरा नणंदबाईंच्या फोनवर. फोन ओट्यावर उभा करून त्या एका डोळ्याने शकूचा रवंथ आणि दुसऱ्याने माझी खीर बघत. मी जेवल्याशिवाय मुलीला माझ्याकडे देत नसत, आणि जेवून झोपून उठले की न बोलता मांडीवर ठेवून बाजूला होत. असंच एकदा मांडीवर असताना मी तिच्या कानाची पाळी बघत राहिले, आणि नणंदबाई परत घ्यायला आल्या तर मी दिली नाही. त्याच दुपारी बूट घालून शकूकडे निघून गेल्या.

यंदाच्या वसंतात शकू पुन्हा बाळंत झाली. मी फोन केला, नियमाप्रमाणे आधी शकूची चौकशी केली. सगळं ठीक होतं. "तुझ्या भाच्याचा पण फोन येऊन गेला," त्या म्हणाल्या. "हाऊ आर द बेबीज, मॉम? बाय, मॉम." आणि त्यांनी मुलावर राग काढला, शकूची चौकशी केली नाही म्हणून. मी सहज विचारलं, "आणि ताई, तुम्ही जेवलात का?"

मागे शकू ओरडत होती.

"मला काय झालंय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता.

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा पुन्हा रागही आला. रेडमंडच्या त्या पावसात यांचं बाळंतपण कुणी केलं होतं, हे आजवर आमच्या घरात कुणी बोललेलं मी ऐकलं नाही, आणि मीही विचारलं नव्हतं. मी पिठलं-भाताचा डबा भरला, लेकीला कारसीटमध्ये बांधलं आणि ड्राइव्ह करत निघाले. माझा राग गेलाय असं मात्र कुणी समजू नये. माझ्या कळांच्या वेळी ती बाई शेळीपाशी होती हे मी शेवटपर्यंत सांगणार.

पोचले तर नणंदबाईंनी सवयीने गोठ्याकडे बोट दाखवलं. आधी शकू. मी म्हटलं, "आज आधी तुम्ही." त्या उलट्या बादलीवर बसल्या, आयोडीनने पिवळे झालेले हात धुऊन आल्या, पुन्हा बसल्या, आणि मान खाली घालून जेवू लागल्या. डबा संपेपर्यंत मी तिथेच ठाण मांडून बसले. खरवसाचा विषय मी काढला नाही.