एकोणीस अंगठे

ती दिवाळी काही केल्या डोक्यातून जात नाही. माझ्या नातवंडांना विचारा. एका काठीने बिबट्या पळवून लावल्याची माझी गोष्ट त्यांना तोंडपाठ आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा बिबट्या एक होता, आता तीन झालेत, आणि काठी हरवली आहे. ही गोष्ट मात्र मी घरात सांगत नाही. इथेही नावं गाळून लिहितो आहे. आकडे तेवढे जसे होते तसे ठेवतो, कारण या गोष्टीत आकड्यांना महत्त्व आहे.

सालं पन्नास ते साठमधली. पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहिला होता. कालपरवापर्यंत तिथे ससे पळायचे, आता भोंगा वाजला की माणसं पळायची. मी तिथल्या चौकीचा फौजदार. चौकी म्हणजे दोन खोल्या, एक कोठडी, चार शिपाई, एक हवालदार आणि भिंतीवर एक घड्याळ, ते साडेदहाला थांबलेलं. हवालदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्याची नजर इतकी तिखट की आरोपी रस्त्याच्या वळणावर असतानाच त्याला कलम सुचायचं.

सोमवारी सकाळी हजेरी चालू असताना कारखान्यातला एक कामगार आला. वय तिशीचं, माणदेशाकडचा, एकटाच भाड्याच्या खोलीत राहणारा.

"साहेब, भाचा हरवला."

भाचा सोळा वर्षांचा. दिवाळीच्या तोंडावर आईने त्याला पाठवला होता, की मामाला भाऊबिजेला घेऊनच ये. पोराने पुणं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मामाने शनिवार-रविवार त्याला शहर दाखवायचं ठरवलं. सोमवारी दुपारी सुट्टी टाकून दोघं गावाकडे निघणार होते. आणि रविवारी संध्याकाळी पोरगा मंडईच्या गर्दीत हरवला.

"मंडईत हरवला, तर तिथल्या चौकीत का गेला नाहीस?" मी विचारलं.

"सुचलं न्हाय, साहेब."

हवालदार माझ्या कानाशी आला. "बूट बघा त्याचे."

कारखान्याचे जाड बूट. कातडं फुगून पांढरं पडलेलं, नाड्यांच्या भोकांत गाळ. आश्विन संपत आलेला, महिनाभर पावसाचा थेंब नाही, आणि मंडईत काही गुडघाभर पाणी नसतं.

मी त्याला बसवलं, चहा पाजला आणि म्हणालो, "शनिवारपासून सांग. काही गाळू नकोस."

तो बोलायला लागला आणि रंगला. शनिवारवाड्याच्या दरवाज्यावरचे खिळे पोरगा मोजत बसला. "मी म्हणलं, चल लेका, पेशव्यांनी बी मोजलं नसतील!" पर्वतीच्या पायऱ्या त्याने पळत चढल्या आणि वरून ओरडला, "मामा, म्हातारा झालास का?" रविवारी पेशवे पार्कात सिंह पाहिला. पोरगा पिंजऱ्यापुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आपला खिलारी खोंड ह्याच्यापेक्षा तेजदार हाय." तुळशीबागेत आईसाठी पितळेचा कुंकवाचा करंडा घेतला. दुकानदाराशी घासाघीस पोरानेच केली.

मग मंडई आली आणि गाडी थांबली.

"गर्दी हुती. हात सुटला. मग दिसला न्हाय."

"मंडईत काय घेतलं?"

"काय न्हाय."

"कुठल्या बाजूला होता? कुणाला विचारलंस?"

"गर्दी हुती, साहेब."

आता मी स्वतः पट्टीचा थापाड्या आहे, त्यामुळे या धंद्यातलं मला कळतं. थाप मारायची तर तिला बटणं, खिसे, कॉलर सगळं लावावं लागतं. याने नुसतं कापड फेकलं होतं. सिंहाची शेपूट आठवणाऱ्या माणसाला मंडईतला एक कांदा आठवत नव्हता.

मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. त्या काळी ती रीतच होती, असं म्हणून मी सुटू शकतो. पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो. त्याने गालाला हातही लावला नाही. उलट तिसरी कधी बसते याची वाट पाहिल्यासारखा बघत राहिला.

मंगळवारी सकाळी खबर आली ती दुधाच्या चरवीतून. चौकीला दूध घालणारा गवळी सांगवीचा. म्हणाला, "साहेब, आमच्या नावाड्यानं नाव पालथी घातलीया. ऐन दिवाळीत. लोकांनी औंधाला जायाचं कसं?"

मी आणि हवालदार सायकली काढून सांगवीला गेलो. मुळेच्या काठावर नाव पालथी पडली होती, डांबराचा वास नाकात जात होता. नावाडी दाराएवढा. मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "व्हय, रविवारी बुडाली. एक पोरगं गेलं, बाकी समदी काठाला लागली. पर माझी चूक न्हाई."

"मग कुणाची?"

"त्या मामाची! मी रोज धक्क्यावर आरडतो, मामा-भाचं हाय का कुणी? असलं तर एक ह्या फेरीला, एक पुढल्या. ह्यो बाबा न्हाई म्हणला. आन् बुडताना त्ये पोरगं काय आरडलं? मामा, मामा!"

मामा-भाच्याने एका नावेत बसू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हवालदाराने तर ऐकताच डोळे मिटून घेतले.

चौकीत परत येऊन मी मामासमोर उभा राहिलो आणि एवढंच म्हणालो, "सांगवीहून आलो."

तो जमिनीवर बसला. पुण्याहून बसने औंधापर्यंत यायचं, नदी ओलांडायची आणि पुढे पायी पिंपरी, असा त्यांचा बेत होता. पोराला नावेत बसायचं होतं. ती रविवारची शेवटची फेरी. "पुन्हा नाव नव्हती साहेब. सकाळी पाळी हुती. एकाला मागं कसं ठेवायचं? नावाड्यानं इचारलं तवा मी न्हाय म्हणलो. पोरगं हसलं. मीच मारला त्याला."

"मग मंडई कशाला सांगितलीस?"

"हरवलेलं पोरगं परत येतं, साहेब. आक्का वाट बघत बसली असती. बुडालेल्याची वाट कशी बघायची?"

आणि खरं सांगतो, मी खूश झालो. 'मीच मारला' हे शब्द कानावर पडले की फौजदाराच्या अंगावर मूठभर मांस चढतं. मोठ्या साहेबांना ही गोष्ट कशी सांगायची, कुठे थांबायचं, कुठे मिशीला हात लावायचा, सगळं मी मनात जुळवून ठेवलं.

बुधवारी दापोडीच्या पुलाखाली पोरगा सापडला. खिशात करंडा होता. ओळख त्यावरूनच पटवली, यापेक्षा जास्त लिहीत नाही.

नावेच्या पंचनाम्याला काठावर सांगवीकर जमले. सगळ्यांच्या तोंडी एकच. "मामा-भाचं एका नावंत. नदी सोडती व्हय?" न्हावी तेच म्हणाला, भाजीवाली तेच म्हणाली, शाळेचे मास्तरही तेच म्हणाले. आता माझी तोवरची सगळी नोकरी तालुक्यात गेली होती. दोन कुत्र्यांची भांडणं पाहिलेल्या दोन माणसांचे जबाब कधी जुळले नाहीत. आणि इथे गावच्या गाव एका सुरात बोलत होतं! मी नावेकडे पाहिलं. नाव काही बोलत नव्हती.

मी आवाज चढवला. "असं तोंडी चालणार नाही. या मामावर कारवाई हवी ना? मग मला लेखी अर्ज द्या. मास्तर लिहितील. पण ऐकीव गोष्ट नको. जे त्या फेरीला स्वतः नावेत होते, ज्यांनी त्याला नाही म्हणताना स्वतःच्या कानाने ऐकलं, त्यांनीच खाली अंगठा करायचा."

रांग लागली, राव! दिवाळीचा फराळ वाटला असता तर एवढी लागली नसती. शाईचा डबा घेऊन हवालदार बसला. एक म्हातारा म्हणाला, "माझ्या दोन शेळ्या बी हुत्या. त्यांचं लिवा."

"लिहा, मास्तर. दोन शेळ्या."

"माझी सायकल बी हुती," दुसरा म्हणाला.

"लिहा, सायकल."

नावाडी सुरुवातीला मिशीत हसत होता. दहाव्या अंगठ्याला त्याचं हसू गेलं. पंधराव्याला तो पुढे येऊन म्हणाला, "बास की आता साहेब, कशाला समद्यांस्नी तरास?"

मी म्हणालो, "असू दे, त्यांना हौस आहे."

एकोणीस अंगठे झाले. माझ्या गोष्टीत आकडे फुगतात हे मला मान्य आहे, पण हा आकडा माझा नाही, शाईचा आहे. अधिक मामा, अधिक भाचा, अधिक नावाडी, अधिक दोन शेळ्या आणि सायकल. नावेच्या परवान्यावर माणसं होती नऊ.

मग हवालदार नावाड्याच्या घरामागे गेला आणि चुलीजवळून अर्धी जळालेली फळी घेऊन आला. बोटाने दाबली तर भुगा पडत होता. पालथ्या नावेत त्याच मापाची नवी फळी बसवलेली होती, वर ओलं डांबर. नावाड्यावर बेसुमार माणसं भरल्याचं आणि हयगयीने मृत्यू घडवल्याचं कलम लागलं. पुढे कोर्टाने त्याला शिक्षा दिली. सांगवीच्या गवळ्याने मात्र चौकीचं दूध बंद केलं.

इथे गोष्ट संपली असती, तर मी ती नातवंडांना सांगितली असती.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी पोराची आई आली. अस्थींचं मडकं आणि करंडा टेबलावर होता. मामा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. त्याला सोडलेलं होतं, पण तो खोलीवर जात नव्हता. मी बाईंना सगळं समजावलं. फळी कुजकी होती, माणसं दुपटीहून जास्त होती, दोष नावाड्याचा. अर्ज दाखवला, अंगठे दाखवले.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते समदं खरं आसंल. पर साहेब, दोघं एकाच नावंत हुतं का?"

मी जन्मभर थापा मारल्या त्या मजेसाठी. गरजेची एकच मारली, ती त्या दिवशी. म्हणालो, "नाही बाई. तुमचा भाऊ पुढच्या फेरीला होता."

कोपऱ्यातून आवाज आला. "आक्का, एकाच नावंत हुतो."

ती वळली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुला तर पवता येतं की रं. इहिरीला पाणी हुतं तवा मीच ढकलला हुता तुला."

"येतं."

"मग?"

"हात धरला हुता त्याचा. बुटात पाणी भरलं. दोघं बी खाली चाललो."

"मग?"

"सोडला म्या."

हवालदाराने सवयीने टाक उचलला होता. माझ्याकडे पाहून त्याने तो खाली ठेवला.

'हात सुटला' हे तो मला सोमवारीच म्हणाला होता, पहिल्या चहाबरोबर. त्या सगळ्या थापेत तेवढाच एक तुकडा खरा होता, आणि थापांचा जाणकार म्हणवणारा मी त्यावरून सरळ पुढे गेलो. गावाला मामा-भाच्याचं निमित्त हवं होतं, म्हणजे स्वतःची गर्दी मोजावी लागली नसती. नावाड्याला हवं होतं, फळीसाठी. मामालाही तेच हवं होतं. एका नावेत बसलो हे कबूल करणं त्याला सोपं होतं, त्यासाठी तो फासावरही गेला असता. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की माणूस मोठा गुन्हा झटकन कबूल करतो तेव्हा टाक खाली ठेवावा आणि पुन्हा विचारावं, 'मग?' पुढची सगळी नोकरी मी तो एक शब्द वापरला. तो माझा नव्हता, त्या बाईचा होता.

तिने मडकं पदराखाली घेतलं, करंडा कनवटीला खोचला. चौकीसमोरच्या गाडीच्या थांब्यापर्यंत मी गेलो. मामा दहा पावलं मागे. गाडी आली. तो चढायला पुढे झाला तेव्हा ती पायरीवरून, राग नसलेल्या आवाजात म्हणाली, "तू मागल्या गाडीनं ये."

मागची गाडी दीड तासाने आली. कंडक्टरने त्याला दोनदा विचारलं. मी चौकीच्या दारातून पाहत होतो. तो चढला नाही. त्यानंतरच्या गाडीलाही नाही.