डोंगरातल्या खेकड्याची पकड

पावसाळ्यात खालापूरच्या नाक्यावर खेकडे विकणाऱ्या मावशींचं नाव मला अजून माहीत नाही. त्यांच्यापुढे तीन टोपल्या असतात: भातातले, नदीतले आणि डोंगरातले. एका टोपलीतला दुसरीत जाऊ देत नाहीत. "घरानी येगळी हायती, भांडत्यात," म्हणतात.

परवा मी डोंगरातल्यांपैकी सगळ्यात मोठ्याकडे बोट दाखवलं. मावशींनी हात घातला आणि त्याने त्यांचा अंगठाच धरला. टोपलीवर रक्त ठिबकायला लागलं.

"मावशी, ओढून काढा!" मी ओरडलो.

त्या हलल्यासुद्धा नाहीत. "भातातला लवकर सोडतो. ह्यो नाय सोडीत. अन् वढला तर नांगी टाकून देतो. मग नांगी तुटलेला तू घेशील काय रं?"

खरंच, मी घेतला नसता.