विस्तव नसलेलं जहाज

जहाजावर चढण्याआधीच आमची शोभा झाली. मुंबईच्या बंदरावर सामान तपासायच्या यंत्रातून सासूबाईंची कापडी पिशवी गेली आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसाने एकदम पट्टा थांबवला. पिशवीतून निघाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक अख्खी गोवरी, माचिस आणि कापराची डबी.

"ये क्या है, माताजी?"

"गोवरी आहे बापा. कायले घाबरून राहिला?"

त्याला गोवरी ठाऊक नव्हती असं नाही, पण आलिशान जहाजावर ती कोणी नेत असेल याची त्याने कल्पना केली नसावी. तीनही वस्तू त्याने बाजूच्या टोपलीत टाकल्या. मागच्या रांगेत हसू फुटलं. मी शाळेत शिकवते, नियम मोडणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं करते. त्या घटकेला मीच वर्गाबाहेर उभी असल्यासारखी लाल झाले. "धूप घालायचा असेल तिला," असं नवरा पुटपुटला आणि आम्ही पुढे सरकलो. सासूबाई मात्र वळून वळून त्या टोपलीकडे बघत होत्या. ते मी पाहिलं, आणि त्याचा काही विचार केला नाही.

पंधरवड्याचा हा प्रवास लेकीने ठरवला होता. ती नोकरीला दूर असते, सोबत यायला तिला सुट्टी मिळाली नाही. आजोबा गेल्यापासून आजी आमगावकडचं घर सोडून आमच्याकडे गोंदियाजवळ फुलचूरला दोन दिवससुद्धा राहत नाही, याचं तिला फार लागलं होतं. फोनवर आजीला तिने असं काही गुंडाळलं की म्हातारीने "जातो बाई, जातो" म्हणून टाकलं. आम्ही तयारी चोख केली होती. उलटीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, शाकाहारी जेवणाची आधी सांगून ठेवलेली सोय. काही म्हणून विसरलो नव्हतो, असं आम्हाला वाटत होतं.

जहाज मी चित्रात पाहिलं होतं. खाली उभं राहून वर बघितलं तेव्हा मान दुखली पण जहाज संपेना. आत गेलो तर काचेच्या लिफ्ट, पायाखाली गालिचे, मधोमध गोल जिना आणि कुठूनतरी येणारा पियानोचा आवाज. एक अख्खं गाव उचलून पाण्यावर ठेवलं होतं, आणि त्या गावात धूळ नव्हती. नवरा गोंदियात तांदळाचा व्यापार करतो, कशालाही चटकन "वाह" म्हणत नाही. तोही तोंड उघडं टाकून झुंबराखाली उभा राहिला. सगळ्यात वरच्या मजल्यावर पोहायचा तलाव दिसल्यावर सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"पान्यावर पानी कायले ठेवलं यायनं?"

मग किनारा मागे पडला. आधी इमारती बुटक्या झाल्या, मग धुरकट रेघ उरली, मग तीही गेली. चारी बाजूंना पाणी आणि वर आभाळ, बाकी काही नाही. मी पन्नाशीला आले, पण माझ्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता. रडू येईल की काय असं वाटलं. सासूबाईंनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आमच्याकडे गावोगावी तलाव आहेत, आणि तलाव म्हटला की त्याला पाळ असते, माणसांनी माती टाकून बांधलेली. सासरे हयात असेपर्यंत गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी सोडायचं हे तेच बघत. पाळीवरून चालत जाऊन रोज तलाव डोळ्याखाली घालत.

"याची पार कोनत्या आंगाले आहे वो?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. याला पाळ नाही."

"मंग हे पानी अडवलं कोनं?"

भूगोल शिकवते मी, पण असं मला वर्गात कोणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. जहाज लागतंय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बिनसाखरेचा चहा घेतला, दुपारी अर्धं सफरचंद. जेवणाच्या दालनात पन्नास तऱ्हेचे पदार्थ मांडलेले, माणसं ताटं भरभरून नेत होती, आणि या बाई पाण्याचा पेला पुढे घेऊन बसलेल्या. मी गोड बोलले, मग रागावले. "लेकरासारखं काय करता? गोळी रिकाम्या पोटी घ्यायची का?" साखर खाली गेली की त्या कशा गळपटतात ते मी घरी पाहिलेलं आहे, आणि इथे पुढचं बंदर यायला अवकाश होता. जहाजावरच्या डॉक्टरने तपासून सांगितलं की उलटीचं काही लक्षण नाही, यांनी फक्त जेवायला हवं. हे मलाही कळत होतं.

संध्याकाळी मोठ्या दालनात सगळ्यांना नटूनथटून बसायचं होतं. पांढऱ्या चादरी, चकाकणारे काटेचमचे, आणि दर टेबलावर मंद हलणारी एकेक मेणबत्ती. सासूबाई खुर्चीत बसल्या, मेणबत्ती पाहिली आणि त्यांचा चेहरा फुलला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"भात सांग बाई. अन् वरून तूप."

मला इतका आनंद झाला की मी वाढप्याला दोनदा सांगितलं. भात आला. त्यांनी तूप कालवलं, छोटा घास वळला, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या आणि तो घास ज्योतीवर नेला. ज्योत विझली नाही. चरचरली नाही, धूरही नाही. त्यांनी बोट लावून पाहिलं.

"थंडी आहे हे," त्या म्हणाल्या.

बॅटरीवर चालणारी प्लास्टिकची मेणबत्ती होती ती. सासूबाईंनी घास ताटाच्या कडेला ठेवला आणि हात मांडीवर घेतला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात गोवरीचा उजेड पडला.

आमच्या घराण्यात सणावाराला पितरांच्या नावाने तूपभाताचा घास निखाऱ्यावर ठेवतात, तो जळला की त्यांना पोचला. पूर्वज माळव्यातून आले तेव्हा चुलीतला विस्तव सोबत घेऊन आले आणि तो अजून विझलेला नाही, असं सासरे छाती फुगवून सांगायचे; मधल्या काळात किती माचिसा संपल्या ते विचारायचं नाही. सासरे गेले आणि सासूबाईंनी सणाचं ते रोजचं करून टाकलं. गॅस असताना अंगणातली चूल त्यांनी का मोडू दिली नाही, आमच्याकडे मुक्कामाला का आल्या नाहीत, हे मला त्या टेबलावर समजलं.

"आधी काऊन नाही सांगतलं, माय?" नवऱ्याने विचारलं.

"पोरीनं येवढ्या हौसेनं पाठवलं. आता यायले जेवू घातल्याबिगर मी कशी खाऊ गा?"

नवरा उठला आणि थेट वाढप्यांच्या मुख्याकडे गेला. भटारखान्यात नेऊन एवढा घास शेगडीवर ठेवा, म्हणाला. तो मुख्य सज्जन माणूस, स्वतः आमच्या टेबलाशी आला, वाकला आणि म्हणाला, "माताजी, रसोई में भी आग नहीं है. पूरे जहाज में नहीं है. सब बिजली पे पकता है."

सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "येवढ्या लोकायचा सयपाक, अन् इस्तो नाही?" आपलं दुःख त्या क्षणभर विसरल्या होत्या. मीही थक्क झाले. हजारो माणसं जेवत होती आणि त्यांच्यासाठी कुठे एक काडीही पेटली नव्हती. मग त्या हळूच म्हणाल्या, "मंग ते येथं येतीन कसे?" आणि उठून खोलीकडे चालू लागल्या. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी मागे राहिले.

तिसरा दिवसही चहावर गेला. मला काही सुचत नव्हतं. शेवटी सूर्य कलताना मी त्यांना जबरदस्तीने वर नेलं, म्हटलं निदान वारा तरी खा. समुद्र त्या वेळी पार शांत होता. सूर्य खाली खाली येत होता, आणि मध्ये झाड नाही, घर नाही, डोंगर नाही. असा पूर्ण सूर्य मी कधी पाहिलेला नव्हता. पिवळा होता तो केशरी झाला, मग लाल, आणि पाण्याला टेकायला आला तेव्हा त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येत होतं. आजूबाजूची माणसं फोन वर धरून उभी होती.

"आई, हा विस्तव चालेल का?" मी विचारलं. विचारलं आणि जीभ चावली, वाटलं ओरडतील.

त्या सूर्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पर लवकर. भात आन."

मी पळाले. पन्नाशीची बाई, साडी आवरत, दोन मजले खाली गालिच्यांवरून. वाटीत भात, वर लोण्याची वितळलेली वडी, कारण तूप शोधायला वेळ नव्हता. परत आले तेव्हा अर्धा सूर्य पाण्यात गेला होता. नवराही कुठून तरी येऊन उभा राहिला होता. सासूबाईंनी घास वळला, हात कठड्याबाहेर लांब धरला आणि सासऱ्यांना हाक मारली, घरी मारत तशी, अहो म्हणून.

कठड्यालगत पाटी होती, समुद्रात काहीही टाकू नये अशी. ती मी नीट वाचली आणि तिला पाठ लावून उभी राहिले, कोणाला दिसू नये म्हणून.

बोटं उघडली. वाऱ्याने शितं उचलली आणि त्या लाल उजेडात नेली. सूर्य बुडेपर्यंत आम्ही तिघं तसेच होतो. मला माझे सासरे दिसले नाहीत, पण ते पोचले याची मला खात्री वाटली.

"जेवले ते," सासूबाईंनी हात पदराला पुसला. "चाल, मले भूक लागून राहिली."

त्यांनी तीनदा भात घेतला, आणि तिन्ही वेळा त्याला नावं ठेवली. आपल्याकडच्या तांदळाला जो वास असतो तो याला नाही म्हणे. नवऱ्याने मान हलवली, ते त्याच्या धंद्याचं बोलणं होतं. मी त्यांच्या ताटाकडे बघत होते, एकेक घास मोजल्यासारखी. ताट चाटूनपुसून झाल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"उद्या मले लवकर उठवजो बाई. सूर्य निंगाच्या आंधी. त्यायले सकारी न्याहारी बी लागते."