दोन्ही तळव्यांत धरलेला कप

आज सकाळी माझ्या बायकोने, सुनंदाने, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून उचलला. बोटं वळतच नव्हती. तिचं असं कप धरणं मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिला संधिवात आहे. शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं, त्यातला. राखणदाराला घरचीच माणसं चोर वाटावीत, तसं काहीसं. आठवड्याची एक गोळी त्या राखणदाराला आवरून धरते. पण गेल्या आठवड्यात तिने फ्लूची लस घेतली आणि तिचे डॉक्टर म्हणाले, ही गोळी दोन आठवडे थांबवू. गोळीने राखणदार पेंगत असेल, तर लशीने दाखवलेला खऱ्या चोराचा चेहरा त्याच्या लक्षात कसा राहणार? सांधे थोडे कुरकुरतील, फारच दुखलं तर फोन करा.

मला काही हे बघवेना. म्हणालो, "घेऊन टाक गं गोळी. एकीने काय होतंय?"

तिने कप खाली ठेवला. थेंबभरही चहा सांडू दिला नाही.

"अहो, एरवी हे दुखणं त्याच्या मर्जीनं येतं. या खेपेला माझ्या मर्जीनं आलंय."

आलेलं दुखणं सोसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. उद्याचं मोठं दुखणं टळावं म्हणून आजचं आपणहून अंगावर घेणारी घरातच आहे, हे मात्र आज कळलं.

तिने कप पुन्हा उचलला. शाळेत ढाल मिळालेली मुलगी ती जशी धरते, तसा.